थर्मल पेस्ट: किती, केव्हा आणि कशी लावावी

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये संगणक तापण्याच्या तक्रारी वाढतात. यंदा त्यांतल्या बऱ्याच पत्रांत थर्मल पेस्टविषयी, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता शोषून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा (हीटसिंक) यांच्यामध्ये लावायच्या लेपाविषयी विचारलेले आहे, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता फक्त वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न: मुलाच्या संगणकात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आहे आणि त्याच्यासोबत खोक्यात आलेला पंखाच त्यावर बसवलेला आहे. संगणक घेऊन चार वर्षे झाली. आता थोडे जड काम सुरू केले की पंखा मोठा आवाज करतो आणि तापमान ९० अंशांच्या वर जाते. दुरुस्ती करणाऱ्याने पेस्ट वाळली असेल असे सांगितले. हे काम घरी करता येईल का, आणि करायचे तर नेमके कसे? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: घरी निश्चित करता येईल. मात्र पेस्ट नेमके कोणते काम करते हे आधी समजून घ्यावे, कारण पेस्ट लावताना होणाऱ्या बहुतेक चुका ते न समजल्यामुळे होतात.

प्रोसेसरवरचे धातूचे झाकण आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही पृष्ठभाग बोटाला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर चरे, उंचवटे आणि खळगे दिसतात. दोन्ही एकमेकांवर कितीही घट्ट दाबले तरी धातूला धातू भिडतो तो उंचवट्यांच्या टोकांशीच. मधल्या पोकळ्यांमध्ये हवा राहते, आणि हवेतून उष्णता फार कष्टाने पुढे सरकते. हवेची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०२६ वॅट आहे, तांब्याची सुमारे ४००, तर ॲल्युमिनियमची २००च्या पुढे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्यापैकी पेस्टची वाहकता साधारणपणे ४ ते १० च्या दरम्यान असते. याचा अर्थ असा की पेस्ट हवेच्या तुलनेत दीडशे ते चारशे पटींनी चांगली आहे, पण धातूच्या तुलनेत पुष्कळच कमी प्रतीची आहे. म्हणून तिने हवेची जागा घ्यावी, धातूची घेऊ नये. जिथे धातू धातूला भिडू शकतो तिथे पेस्टचा जाड थर मध्ये आला तर ती अडसरच ठरते.

हे आकड्यांत मांडून पाहू. आपला प्रोसेसर ६५ वॅट वर्गातला असला तरी पूर्ण भाराखाली या वर्गातले प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत वीज घेतात. ही उष्णता झाकणाच्या मधल्या सुमारे ४ चौरस सेंटिमीटर भागातून वर जाते असे ढोबळपणे धरू. पेस्टचा थर ०.०३ मिलिमीटर जाड आणि वाहकता ५ असेल, तर त्या थरात तापमानाचा फरक जेमतेम १.३ अंश पडतो. तोच थर दहापट जाड, म्हणजे ०.३ मिलिमीटर ठेवला, तर फरक १३ अंशांवर जातो. आणि त्या ०.०३ मिलिमीटरमध्ये पेस्टऐवजी निव्वळ हवा असती, तर गणिताने अडीचशे अंशांचा फरक निघतो. प्रत्यक्षात तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी प्रोसेसर आपला वेग कमी करतो किंवा संगणक बंद होतो. सारा थर सलग आणि पातळ असणे हेच या कामाचे मर्म आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

साहित्य थोडेच लागते. पेस्टची एक लहान सिरिंज, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारे मऊ कापड, कानासाठी वापरतात तशा कापसाच्या काड्या आणि फुलीच्या तोंडाचा स्क्रू-ड्रायव्हर. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. आपल्याकडे जेल रोडच्या बाजारात ते शोधायला वेळ लागणार नाही. हातांना लावायचे सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नये, कारण त्यात त्वचेसाठी घातलेले ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये धातूवर थर सोडतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात ॲसिटोन असू शकते आणि ते प्लास्टिक खराब करते. चष्मा पुसायचे स्वच्छ कापड या कामाला उत्तम.

आता हीटसिंक काढण्याविषयी. आपल्या संगणकाच्या बाबतीत सर्वांत जोखमीची पायरी हीच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला प्रोसेसर एएम४ सॉकेटचा आहे; सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची (संगणकाच्या मुख्य सर्किटच्या पाटीवरची) प्रोसेसर बसवायची जागा. या जातीत सुया प्रोसेसरच्या पोटाशी असतात, एकूण १,३३१, आणि सॉकेटचा खटका लावलेला असला तरी प्रोसेसर केवळ त्या सुयांच्या पकडीवर टिकून राहतो. पेस्ट वाळून घट्ट चिकटलेली असताना हीटसिंक सरळ वर ओढला, तर त्याच्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि सुया वाकण्याचा धोका निर्माण होतो. हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. काम सुरू करण्यापूर्वी संगणकावर दहा-पंधरा मिनिटे एखादे जड काम चालू ठेवावे, म्हणजे पेस्ट ऊबेने मऊ पडते. मग संगणक बंद करावा, विजेची तार भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण एकदा दाबून सोडावे म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटचे, म्हणजे संगणकाच्या डब्याचे, बाजूचे पान उघडावे. पंख्याची तार मदरबोर्डवरून काढून घ्यावी. हीटसिंकचे चार स्क्रू स्प्रिंगवर बसवलेले असतात. ते एका पाठोपाठ पूर्ण न सोडवता समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे सैल करत जावे. चारही सुटले की हीटसिंक वर न ओढता त्याच पातळीत डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवावा. पेस्टची पकड सुटल्याचे हाताला कळते, आणि मगच तो उचलावा. त्यातूनही प्रोसेसर सोबत आलाच तर घाबरून तो चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. केस वाळवायच्या यंत्राने हीटसिंक थोडा गरम करून प्रोसेसर कडांनी धरावा आणि फिरवून सोडवावा.

एप्रिल-मेमध्ये माळव्यातली हवा कोरडी असते आणि अंगावर स्थिर वीज सहज साठते. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला किंवा पॉवर सप्लायच्या डब्याला स्पर्श करावा, आणि काम चालू असताना अधूनमधून तो करत राहावा. सिंथेटिक गालिच्यावर बसून हे काम करू नये.

स्वच्छता करताना जुनी पेस्ट आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावी आणि मग अल्कोहोलने पुसावे. कापड ओले करावे, प्रोसेसरवर द्रव ओतू नये. झाकण आणि हीटसिंकचा तळ दोन्ही पुसायचे आहेत. अनेक जण एकच बाजू पुसतात आणि दुसरीकडे जुन्या पेस्टचे कण तसेच राहतात. नव्या कापडाच्या कोपऱ्याने पुसल्यावर त्यावर करडा डाग उमटेनासा झाला, की काम झाले असे समजावे. त्यानंतर त्या पृष्ठभागांना बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणा पुन्हा एक नको असलेला थर तयार करतो. प्रोसेसर सॉकेटमधून काढण्याची या सगळ्यात गरज नाही. तो तसाच खटक्यात राहू द्यावा.

किती पेस्ट घ्यावी, हा प्रश्न बहुतेक सर्व पत्रांत आहे. त्याचे उत्तरही गणिताने देता येते. एएम४ प्रोसेसर ४० मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. त्याच्या संपूर्ण माथ्यावर ०.०३ मिलिमीटरचा थर हवा असेल, तर ४८ घन मिलिमीटर पेस्ट पुरते. इतक्या पेस्टची गोळी केली तर तिचा व्यास साडेचार मिलिमीटर भरतो, म्हणजे तुरीच्या दाण्याहून किंचित लहान. तेवढी गोळी झाकणाच्या मधोमध ठेवावी आणि ती बोटाने किंवा पट्टीने पसरवण्याच्या भानगडीत पडू नये. हीटसिंकचा दाब ती मध्यापासून कडांकडे ढकलत नेतो आणि जाताना हवा पुढे रेटतो. हाताने पसरवलेल्या थरात चर राहिले, तर वरून हीटसिंक बसताना त्यांत हवा कोंडली जाऊ शकते. माझे मत मधल्या एका गोळीच्या बाजूचे आहे. फुली किंवा पाच ठिपके काढणारेही अनेक आहेत आणि प्रोसेसर मोठा किंवा लांबट असेल तर त्यात तथ्य आहे, पण आपल्या चौकोनी प्रोसेसरला त्याची आवश्यकता नाही. पेस्ट थोडी जास्त झाली तरी चांगल्या दाबाखाली ती कडेने बाहेर येते आणि थर जवळजवळ तितकाच पातळ होतो. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. तेव्हा चूक होणारच असेल तर ती किंचित जास्तीच्या बाजूने व्हावी.

हीटसिंक ठेवताना तो सरळ वरून खाली आणावा, एकदा टेकल्यावर पुन्हा उचलून पाहू नये. उचलला तर पेस्टमध्ये हवा शिरते. तशी वेळ आलीच तर सर्व पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी. स्क्रू बसवताना चारही आधी दोन-तीन फेरे अडकवून घ्यावेत आणि मग तिरप्या जोडीने अर्धा-अर्धा फेरा देत घट्ट करावेत. एका बाजूचे दोन्ही आधी आवळले तर हीटसिंक तिरका बसतो आणि सैल बाजूला थर जाड राहतो. स्क्रू आपल्या शेवटाला पोचला की थांबावे. आवश्यक तेवढा दाब स्प्रिंग देते, मनगटाच्या जोराची भर लागत नाही. मग पंख्याची तार न विसरता जोडावी. मदरबोर्डवर तिच्या जागेजवळ ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेले असते.

शेवटी मोजमाप. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखा मोफत प्रोग्राम घालून काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे तापमान लिहून ठेवावे, दोन्ही वेळा सारखेच काम देऊन आणि शक्यतो दिवसाच्या सारख्याच वेळी. आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. पेस्ट खरोखरच वाळलेली असेल तर फरक ठळकपणे दिसेल. फरक एक-दोन अंशांचाच दिसला तर दोष पेस्टचा नव्हता असे समजून पुढचे उत्तर वाचावे.

प्रश्न: गेल्या वर्षी नवी पेस्ट लावून घेतली. तरीही मे महिन्यात दुपारी प्रोसेसर ८६ अंशांवर जातो आणि रात्री अकरानंतर तोच संगणक, तेच काम करताना ७४ अंशांवर राहतो. पेस्ट नीट लागली नसेल का? (एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: आपण दिवस आणि रात्र यांचे दोन्ही आकडे लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपली पेस्ट ठीक आहे.

हवेने थंड होणारा हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक कामाला तो खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो, आणि हा फरकच हीटसिंक, पंखा आणि पेस्ट यांच्या कामगिरीचे खरे माप आहे. इंदूरमध्ये मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर जातो, आणि छताखालची वरच्या मजल्यावरची खोली सहज ३८ अंशांवर असते. माळव्यातल्या रात्री मात्र उन्हाळ्यातही निवतात. दुपारी खोली ३८ अंशांवर असेल तर आपला फरक ४८ अंशांचा आहे, आणि रात्री खोली २६ वर आली असेल तर तो पुन्हा ४८ अंशांचाच आहे. भिंतीवर एक साधा तापमापक लावून वजाबाकी करून पाहावी. फरक महिनोन्‌महिने तोच राहिला तर पेस्टला हात लावू नये. हिवाळ्यात ४८ असलेला फरक पुढच्या हिवाळ्यात ६० झाला तरच काहीतरी बिघडले आहे असे मानावे.

तो फरक कमी करायचा असेल, तर आधी एक परीक्षा करून पाहावी. कॅबिनेटच्या बाजूचे पान काढून तेच काम अर्धा तास चालवावे. तापमान पाच अंश किंवा त्याहून जास्त उतरले तर दोष कॅबिनेटमधल्या हवेच्या ये-जा करण्यात आहे: पुढच्या जाळीवर धूळ बसली असेल, मागचा पंखा बंद असेल किंवा कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलेले असेल. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) झाल्यावर जाळ्या अवश्य पाहाव्यात, कारण गुलालाची पूड इतकी बारीक असते की ती हीटसिंकच्या पात्यांपर्यंत पोचते. आणखी एक सूचना: पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्यामुळे आकडा खाली येतो हे खरे आहे, पण त्या हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार आणि क्षार आत जातात आणि कालांतराने मदरबोर्डच्या जोडण्या गंजतात. कूलर खोली थंड करण्यासाठी असावा, संगणक त्याच्या वाटेतून बाजूला असावा.

प्रश्न: दुकानात एका पेस्टवर ४ वॅट, दुसरीवर १२ वॅट असे आकडे छापलेले होते आणि किमतीत कितीतरी पटींचा फरक होता. महागडी घेतल्याने फायदा होतो का? तसेच टूथपेस्ट, ट्रान्झिस्टरला लावतात ती पांढरी पेस्ट आणि द्रवरूप धातू यांबद्दलही सांगावे. (दोन वाचक, वैशाली नगर आणि राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: सिरिंजवरचा हा आकडा म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेली उष्णतावाहकता. तिथले गणित पुन्हा हाती घेतले की पहिल्या शंकेचे निरसन होते. ८८ वॅटच्या प्रोसेसरवर ५ वाहकतेच्या पेस्टने १.३ अंशांचा फरक पडतो; १० वाहकतेच्या पेस्टने तो निम्मा, म्हणजे सुमारे ०.७ अंश होईल. दुप्पट चांगल्या पेस्टने मिळवून दिलेला हा फायदा एका अंशाहूनही कमी आहे. २०० वॅटच्या पुढे जाणाऱ्या प्रोसेसरवर हा फायदा दीड-दोन अंशांपर्यंत जातो, तिथे महागडी सिरिंज घेण्याला काही अर्थ आहे. शिवाय सिरिंजवर छापलेला आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे फारसे विश्वासार्ह नाही. घरच्या संगणकासाठी नावाजलेल्या कंपनीची मधल्या किमतीची पेस्ट घ्यावी. वाचलेल्या पैशात कॅबिनेटला एक पंखा वाढवता आला तर त्याचा उपयोग अधिक होईल. खरेदी करताना मात्र ओळखीच्या दुकानातूनच सिरिंज घ्यावी, कारण नामांकित पेस्टच्या हुबेहूब नकला बाजारात येतात.

टूथपेस्ट लावू नये. तिच्यात पाण्याचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी ती बऱ्यापैकी काम करते आणि म्हणूनच अनेकांचा तिच्यावर विश्वास बसतो. प्रोसेसरच्या उष्णतेने पाणी उडून गेले की कोरडी, भेगाळलेली पूड उरते आणि त्या भेगांमध्ये हवा शिरते. पांढरी हीटसिंक पेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. सिलिकॉनच्या तेलात झिंक ऑक्साइड मिसळून ती करतात, तिच्यातून वीज वाहत नाही, आणि ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरला ती पूर्वापार लावली जाते. कमी वॅटच्या जुन्या प्रोसेसरवर अडीअडचणीला ती चालेल, पण नव्या संगणकासाठी मी ती सुचवणार नाही.

द्रवरूप धातूबाबत मात्र स्पष्ट इशारा द्यावा लागेल. त्यात गॅलियम असते आणि गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करते. प्रोसेसरसोबत येणाऱ्या अनेक हीटसिंकचा तळ ॲल्युमिनियमचा असतो. लोकमान्य नगरच्या वाचकांकडे असलेल्या प्रोसेसरसोबत येणारा पंखाही त्यातलाच आहे. शिवाय या धातूतून वीज वाहते, त्यामुळे त्याचा एक थेंब मदरबोर्डवर ओघळला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. अनुभवी माणसाने, तांब्याच्या निकेल चढवलेल्या तळावर, पुरेशी काळजी घेऊन तो वापरावा. घरच्या पहिल्या प्रयत्नाला तो अजिबात योग्य नाही.

प्रश्न: माझ्याकडे इंटेलचा आय५-१२४०० आहे. पंखा साफ करण्यासाठी काढला, नवी पेस्ट लावून परत बसवला, तर आता जड काम सुरू करताच काही सेकंदांत तापमान १०० अंशांवर जाते. पूर्वी असे कधीच होत नव्हते. पेस्ट खराब निघाली का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: ‘काही सेकंदांत’ हे आपले शब्द निदानाला पुरेसे आहेत. हीटसिंक नीट टेकलेला असेल तर तो स्वतः तापायला वेळ घेतो आणि तापमान काही मिनिटे हळूहळू चढते. कळ दाबताच ते मर्यादेला भिडते तेव्हा उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नसते. म्हणजे आपल्याकडे हीटसिंक प्रोसेसरला पूर्ण टेकलेला नाही. आपल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांचीच आहे आणि तिथे तो आपला वेग आपणच कमी करतो, त्यामुळे नुकसान झाले असण्याची शक्यता फार थोडी आहे. तरी दुरुस्ती होईपर्यंत जड काम देऊ नये.

इंटेलच्या या हीटसिंकला स्क्रूंऐवजी दाबून बसवायच्या चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात आणि दहापैकी नऊ वेळा त्यांतली एक अर्धवट बसलेली असते. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये असताना वरून पाहून हे कळत नाही. मागच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक भोकातून खुंटीची दोन्ही टोके सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. खुंट्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की खुंटी सुटते, म्हणून बसवण्यापूर्वी चारही डोकी उलट दिशेने मूळ स्थितीत फिरवून घ्यावी लागतात; ते न करता दाबले तर खुंटी टिकत नाही. मग तिरप्या जोडीतल्या दोन एकाच वेळी दाबाव्यात, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येक वेळी ‘टक’ असा आवाज यायला हवा. मदरबोर्ड दाबाने वाकतो आहे असे दिसले तर तो बाहेर काढून टेबलावर बसवणे उत्तम. अर्थात त्यासाठी हीटसिंक काढावा लागेल आणि आपण लावलेली पेस्ट वाया जाईल, ती पुसून पुन्हा लावावी. काढल्यावर पेस्टचा ठसा नक्की पाहावा: एका कोपऱ्यात ती गोळीसारखी जाड राहिलेली दिसली तर सैल खुंटी त्याच बाजूची आहे.

आपला हीटसिंक जुन्या संगणकावरून आणलेला असेल तर मात्र प्रकरण वेगळे आहे. आपल्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीच्या भोकांमधले अंतर ७८ मिलिमीटर आहे, तर आधीच्या एलजीए १२०० आणि ११५१ यांचे ७५ मिलिमीटर होते. जुना हीटसिंक ओढूनताणून बसल्यासारखा वाटला तरी तो या सॉकेटचा नाही. बाजारातून नवा हीटसिंक आणला असेल तर त्याच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिक सोलले होते का, तेही आठवून पाहावे.

प्रश्न: निवृत्तीनंतर घेतलेला लॅपटॉप सहा वर्षांचा झाला आहे. तो फार तापतो. त्याची पेस्ट मी स्वतः बदलू का? (एक ज्येष्ठ वाचक, नारायण बाग, इंदूर)

उत्तर: आदरणीय काका, पेस्टकडे वळण्याआधी त्याचा पंखा पाहायला हवा. सहा वर्षांत पंखा आणि धातूच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धुळीचा एक सलग थर बसतो आणि हवेची वाटच बंद होते. तो काढल्यावर अनेक लॅपटॉप पेस्ट न बदलताही पूर्ववत होतात. हवेच्या झोताने धूळ उडवताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, तो भरधाव फिरू देऊ नये.

पेस्ट बदलायची झालीच तर लॅपटॉपमध्ये तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मागचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढायची असते. दुसरे म्हणजे, बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, उघडी काचेसारखी चिप असते. तिच्या कडा नाजूक असतात आणि तिचा कोणताही कोपरा पेस्टविना राहून चालत नाही, म्हणून इथे मात्र पेस्ट पातळ पसरवूनच लावावी. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने ते आवळावेत. तिसरे, ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि वीज-नियंत्रणाच्या भागांवर मऊ रबरासारख्या थर्मल पॅड असतात. त्यांची जाडी अर्धा, एक किंवा दीड मिलिमीटर अशी नेमकी ठरलेली असते. पॅड फाटली तर त्याच जाडीची नवी आणावी. त्या जागी पेस्ट भरून काम भागवू नये, कारण ती पोकळी पेस्टसाठी फार मोठी असते आणि वरचा हीटसिंकही तिरका बसतो.

उघड्या चिपवर साधी पेस्ट तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांमुळे हळूहळू कडेला सरकते आणि मध्य कोरडा पडतो. त्यासाठी आता हनिवेलची पीटीएम७९५० ही पातळ चकती मिळते. ती खोलीच्या तापमानाला घन असते, सुमारे ४५ अंशांवर मऊ होऊन पोकळ्या भरते आणि पेस्टसारखी बाहेर सरकत नाही. लॅपटॉप वारंवार उघडावा लागू नये म्हणून मी आपल्याला तीच सुचवेन. तिच्यावरची पातळ फीत सोलण्यापूर्वी चकती काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली तर सोलताना ती फाटत नाही. डोळ्यांना बारीक स्क्रू आणि रिबन केबल स्पष्ट दिसत नसतील, तर चकती आपण विकत घेऊन एखाद्या विश्वासू कारागिराकडे द्यावी आणि आपल्यासमोर लावून घ्यावी. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तिच्या अटी पाहाव्यात.

प्रश्न: पेस्ट लावताना थोडी मदरबोर्डवर आणि प्रोसेसरच्या कडेवर सांडली. संगणक सुरू करण्याची भीती वाटते. (एक विद्यार्थिनी, विजय नगर, इंदूर)

उत्तर: द्रवरूप धातू वगळता आजच्या बहुतेक पेस्टमधून वीज वाहत नाही, त्यामुळे कडेवरची थोडी पेस्ट अपाय करणार नाही. सिरिंजच्या माहितीपत्रकात ‘विद्युतवाहक नाही’ असे लिहिले आहे याची खात्री करावी आणि दिसणारी पेस्ट अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने टिपून घ्यावी, रगडून नव्हे. पेस्ट सॉकेटच्या आत गेली असेल आणि आपला प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटचा असेल, तर त्या सॉकेटमध्ये नाजूक सुया उघड्या असतात. तिथे काडी लावू नये, कारण तिचे धागे सुयांत अडकून त्या वाकतात. सॉकेट जाणकाराकडूनच साफ करून घ्यावे. अल्कोहोल पूर्ण सुकल्यानंतर संगणक सुरू करावा.

प्रश्न: पेस्ट दर वर्षी बदलावी का? उरलेली सिरिंज किती दिवस चालते? (एक वाचक, तिलक नगर, इंदूर)

उत्तर: दर वर्षी बदलण्याची गरज नाही. झाकण असलेल्या प्रोसेसरवर चांगली पेस्ट अनेक वर्षे टिकते, आणि ती उगाच बदलण्यात हीटसिंक काढण्याची जोखीम मात्र दर वेळी पत्करावी लागते. हीटसिंक दुसऱ्या कारणाने काढला तेव्हा, किंवा खोलीपेक्षा प्रोसेसर किती वर आहे तो फरक वाढला तेव्हाच बदलावी. उरलेली सिरिंज टोपण घट्ट लावून उन्हापासून दूर, कपाटात ठेवली तर दोन-तीन वर्षे चालते. पुन्हा वापरताना सुरुवातीला पातळ तेल बाहेर आले तर तेवढा भाग कागदावर काढून टाकावा, आणि पेस्ट दाणेदार किंवा कोरडी येत असेल तर नवी घ्यावी.